ओळखीच्या माणसाच्या नावाने आलेला खोटा मेल कसा ओळखायचा? (बाबांचे दहा हजार गेले)

मंजिरी_क (मंगळवार, रात्री ९.४०)

नमस्कार. मन जरा शांत झालं की लिहू असं ठरवलं होतं, पण राहवत नाही म्हणून आजच लिहिते.

माझे बाबा ७१ वर्षांचे. तालुक्याच्या गावी सार्वजनिक वाचनालयाचे खजिनदार आहेत, गेली चौदा वर्षं. अध्यक्ष म्हणजे बाबांचे शाळेतले सर, आता ८६ चे. काल दुपारी सरांच्या नावाने बाबांना मेल आला. इंग्रजीत, दोनच ओळी: मोकळा आहेस का, एक छोटं काम होतं; मी मीटिंगमध्ये आहे, फोन घेता येणार नाही, मेलवरच कळव. बाबांनी लगेच उत्तर दिलं, "सर, सांगा."

मग दुसरा मेल. नात्यातल्या एका मुलीवर कॅन्सरचे उपचार चालू आहेत, तिच्या वाढदिवसासाठी पाच-पाच हजारांची चार गिफ्ट कार्डं हवी आहेत, मला इथून घेता येत नाहीत, तू घे आणि नंबर मेलवर पाठव, संध्याकाळी पैसे देतो. शेवटी एक वाक्य: इतक्यात कुणाला बोलू नकोस, तिला कळता कामा नये.

बाबांनी दोन कार्डं घेतली. त्यांचे लांबलचक नंबर आधी एका रद्द पावतीच्या मागे पेन्सिलने चार-चारच्या गटात उतरवले, चूक नको म्हणून दोनदा ताडून पाहिले आणि मग मेलमध्ये टाइप केले. डायरीत नोंदसुद्धा केली: "सरांकडून येणे रु. १०,०००." तिसऱ्या कार्डाच्या वेळी ओटीपी येईना म्हणून थांबले होते, तेवढ्यात माझा रोजचा फोन गेला आणि बोलता बोलता हे बाहेर आलं.

मी विचारलं, सरांना फोन का नाही केलात? सर चार घरं सोडून राहतात! बाबा म्हणाले, "फोन करून काय विचारू? सर, हा मेल खरंच तुमचाच ना? त्यांना काय वाटेल?"

आज ते वाचनालयात गेले नाहीत. चौदा वर्षांत आजारपण सोडलं तर असं झालेलं नाही.

असा मेल ओळखायचा कसा, हे त्यांच्या वयाच्या माणसाला पटेल असं कसं सांगू? आणि पैशांचं अजून काही करता येईल का?

दुपारचाचहा (मंगळवार, रात्री ९.५२)

मंजिरी, बाकीचं नंतर वाच. आधी १९३० ला फोन कर. आत्ता. सायबर फसवणुकीसाठीचा राष्ट्रीय क्रमांक आहे, रात्रीही लागतो. कार्ड देणाऱ्या कंपनीच्या ग्राहकसेवेलाही दोन्ही नंबर कळव. एखादं कार्ड अजून वापरलं गेलं नसेल तर गोठवता येतं. आणि बाबांना म्हणावं, ती पेन्सिलची पावती फेकू नका.

मंजिरी_क (मंगळवार, रात्री १०.३५)

केला. तक्रार नोंदवली, पोचक्रमांक मिळाला. कंपनीलाही कळवलं. पावती बाबांनी खरोखरच फाडायला घेतली होती, आईने हातातून काढून घेतली.

घाटमाथा (मंगळवार, रात्री ११.१०)

मी एका संस्थेची मेलव्यवस्था सांभाळतो, त्यामुळे हे रोज बघतो.

मोबाइलवर मेल उघडला की वर फक्त नाव दिसतं. ते नाव म्हणजे पाठवणाऱ्याने खातं उघडताना स्वतः भरलेली पाटी. उद्या मी नवं जीमेल खातं काढून त्यावर सरांचं नाव घातलं तर मला कोणी अडवत नाही. नावावर बोट ठेवून पूर्ण पत्ता बघायचा. बहुतेक वेळा तिथे सरांच्या नावापुढे भलतेच आकडे असतात, किंवा "ऑफिस", "प्रेसिडेंट" असलं काहीतरी जोडलेलं असतं.

दुसरं ठिकाण म्हणजे "रिप्लाय टू". मेल एका पत्त्यावरून येतो आणि उत्तर मात्र दुसऱ्याच पत्त्यावर जातं, अशी सोय मेलमध्ये मुळातच आहे. उत्तर लिहायला घेतल्यावर "टू" च्या रकान्यात कोणता पत्ता आला आहे ते वाचायचं.

संगणकावर जीमेल उघडत असाल तर मेलच्या उजव्या कोपऱ्यातल्या तीन टिंबांत "मूळ दाखवा" असतं. तिथे एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क अशा तीन तपासण्यांपुढे पास किंवा फेल लिहिलेलं असतं. मेल पाठवायची मूळ पद्धत १९८२ ची. तेव्हा जाळ्यावरचे सगळे एकमेकांना ओळखणारे, त्यामुळे पाठवणाऱ्याची ओळख तपासायची तरतूदच ठेवली नव्हती. या तीन तपासण्या नंतर वरून बसवल्या. फेब्रुवारी २०२४ पासून गूगल आणि याहू यांनी मोठ्या संख्येने मेल पाठवणाऱ्यांना त्या सक्तीच्या केल्या.

पण इथेच लोक फसतात, म्हणून नीट वाचा. मंजिरी, तुझ्या बाबांना आलेल्या मेलवर या तिन्ही तपासण्या बहुधा पास असतील. कारण चोराने स्वतःचं अस्सल जीमेल खातं वापरलं असणार. "पास" चा अर्थ एवढाच की मेल खरोखर त्या पत्त्यावरून निघाला. तो पत्ता सरांचा आहे की नाही, हे मशीनला कळायचा मार्ग नाही.

केळफूल (बुधवार, सकाळी ७.१५)

घाटमाथा, छान समजावलंत. पण पत्ता अगदी बरोबर असूनही मेल चोराचा असू शकतो, तेही सांगायला हवं.

साधारण २०११ ची गोष्ट. आमच्या मामांच्या याहूवरून सगळ्या गोतावळ्याला मेल गेला: लंडनला आलो होतो, बॅग चोरीला गेली, हॉटेलचं बिल भागवायचं आहे, पैसे पाठव, परत आल्यावर देतो. पत्ता मामांचाच, एका अक्षराचाही फरक नाही. त्यांचा पासवर्डच चोरांच्या हाती गेला होता. उत्तर पाठवलं की मात्र ते दुसऱ्या कंपनीच्या, पण मामांच्याच नावाच्या पत्त्यावर जायचं. मामांना खातं परत मिळालं तेव्हा ॲड्रेसबुक कोरं केलेलं, म्हणजे कुणाला सावध करायलाही पत्ते उरू नयेत.

आम्ही वाचलो ते मावशीमुळे. मामा मराठीच लिहितात, रोमन अक्षरांत, आणि शेवटी न चुकता "कळावे, लोभ असावा" घालतात. मावशी म्हणाली, "दादा लंडनमध्ये लुटला गेला तरी आधी सगळ्यांची खुशाली विचारेल आणि मगच पैशांचं काढेल." तिने घरी फोन लावला, तर मामा पुण्यात दाढी करत होते.

शून्य_प्रहर (बुधवार, सकाळी ८.०२)

केळफूलताई, मावशींना नमस्कार, पण माणसाच्या लिहिण्यावरून ओळखायचा काळ मागे पडला. आज एआयला सांगितलं तर तो शुद्ध मराठीत लिहून देतो. शिवाय खातं हाती आलं की त्यात दहा वर्षांची पत्रं पडलेली असतात. "कळावे, लोभ असावा" तिथूनच उचलता येतं.

अजूनही वर्तमानपत्रांत "स्पेलिंगच्या चुका बघा" असा सल्ला छापतात. मला तो आता घातक वाटतो. चूक सापडली तर मेल संशयास्पद, हे ठीक. पण चूक सापडली नाही की माणूस निर्धास्त होतो.

केळफूल (बुधवार, सकाळी ८.२०)

हे मान्य. शब्दांची नक्कल होईल. तरी तो माणूस आपल्याकडे कोणत्या कामासाठी येईल, हे आपल्याला ठाऊक असतं ना? ८६ वर्षांचे सर गिफ्ट कार्ड मागतील?

मंजिरी_क (बुधवार, सकाळी ८.४४)

केळफूल, तेच मी बाबांना विचारलं. ते म्हणाले, "सर मला गेली साठ वर्षं 'अरे' म्हणतात आणि मेलमध्ये 'डिअर' होतं. खटकलं. पण वाटलं, इंग्रजीत असंच लिहीत असतील." म्हणजे खटकलं होतं! खटकूनही विचारता आलं नाही.

रोखठोक_राम (बुधवार, सकाळी ९.३०)

कुणाला वाईट वाटेल, पण शिकलेली, हिशेब सांभाळणारी माणसं दोन ओळींच्या मेलला भुलतातच कशी? पैसे पाठवण्याआधी एक मिनिट विचार करायला काय जातं?

शून्य_प्रहर (बुधवार, सकाळी ९.५५)

रामभाऊ, २०१३ ते २०१५ या काळात लिथुआनियातल्या एका माणसाने तैवानच्या क्वांटा या कंपनीच्या नावाने खोटी बिलं आणि मेल पाठवून गूगल आणि फेसबुक या दोघांकडून मिळून दहा कोटी डॉलरहून जास्त रक्कम काढली. २०१९ मध्ये त्याला अमेरिकेत पाच वर्षांची शिक्षा झाली. ज्यांच्याकडे मेल तपासायची यंत्रणा जगात सगळ्यांत भारी, त्यांच्या हिशेब खात्यातली ही गोष्ट. मंजिरीच्या बाबांना तुम्ही काय बोलता?

आणि विचार करायला मिनिट मिळू नये, अशीच त्या मेलची रचना असते. पहिल्या मेलमध्ये काही मागितलेलंच नाही, हे पाहिलंत का? नुसतं "मोकळा आहेस का". त्याला उत्तर देण्यात कसला धोका दिसणार? पण "सर, सांगा" असं लिहिलं की माणूस शब्दात अडकतो. पुढच्या मेलला तो अनोळखी मागणी म्हणून बघतच नाही, होकार देऊन झालेलं काम म्हणून बघतो. फोनची वाट आधीच बंद केलेली असते, कुणाला बोलू नकोस हे शेवटी येतं, आणि मध्ये आजारी मूल.

रोखठोक_राम (बुधवार, सकाळी १०.१२)

पहिल्या मेलबद्दलचं हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. मंजिरीताई, शब्द मागे घेतो. बाबांना नमस्कार सांगा.

बाणकोटकर (बुधवार, दुपारी १.०५)

आमचा काजू प्रक्रियेचा छोटा कारखाना आहे. गेल्या वर्षीचा प्रसंग सांगतो, कारण धंदेवाल्यांना येणारा मेल वेगळा असतो.

पॅकिंगची पाकिटं पुरवणाऱ्याशी बिलाबद्दल आठवडाभर मेल चालू होते. त्याच साखळीत, आमच्या शेवटच्या मेलला उत्तर म्हणून, एक मेल आला: आमच्या खात्याचं ऑडिट चालू आहे, यावेळचे ३ लाख ४० हजार खालच्या खात्यात भरा. खाली आमची आधीची सगळी पत्रं जशीच्या तशी. बिलाचा नंबर बरोबर, रक्कम बरोबर, लोगो बरोबर. म्हणजे त्या पुरवठादाराच्या मेलमध्ये कोणीतरी बसून हे सगळं वाचत होतं.

मी म्हटलं, भरून टाक. आमच्याकडे हिशेब बघणारी मुलगी, बी.कॉम. होऊन दोन वर्षं झालेली, म्हणाली, "काका, खातं बदललंय तर मी एकदा बोलून घेते." मी वैतागलो होतो, गाडी भरायची घाई होती. तिने जुन्या बिलावरचा नंबर लावला. पलीकडून उत्तर आलं, कसलं ऑडिट?

नंतर तिने मला पत्ता दाखवला. कंपनीच्या नावात इंग्रजी "एम" होता, त्या जागी "आर" आणि "एन" शेजारी-शेजारी टाकले होते. चष्मा लावूनही मला फरक दिसेना. तिने अक्षरं मोठी केली तेव्हा कळलं. २०१५ मध्ये ओएनजीसीच्या नावाने असाच पत्ता बनवून त्यांच्या सौदी ग्राहकाला १९७ कोटी भलत्या खात्यात पाठवायला लावल्याच्या बातम्या आल्या होत्या. तेव्हा वाचून वाटलं होतं, एवढ्या मोठ्यांच्या भानगडी आपल्याकडे कशाला येतील.

आता आमच्याकडे नियम आहे. खातं बदललं असं कोणीही कळवलं तर जुन्या नंबरवर बोलल्याशिवाय एक रुपया हलत नाही. मी सांगितलं तरी नाही. आणि १ एप्रिल २०२५ पासून एनईएफटी आणि आरटीजीएस करतानाही खात्यावरचं नाव आधी बघायची सोय बँकांनी द्यायची आहे. यूपीआयला ती होतीच. ती वापरा. नाव जुळलं नाही तर तिथेच थांबा.

वऱ्हाडी_ठेचा (बुधवार, दुपारी २.३०)

बाणकोटकर भाऊ, त्या पोरीचा पगार वाढवला का नाही?

बाणकोटकर (बुधवार, दुपारी २.४१)

त्याच महिन्यात.

वऱ्हाडी_ठेचा (बुधवार, दुपारी ३.००)

हे बेस केलं. आता मुद्द्याचं. "फोन करा" सगळेच म्हणून राहिले, पण कोणत्या नंबरवर? आमच्या अकोल्यात एका ओळखीच्या गृहस्थाने मेलच्या खाली दिलेल्या नंबरवरच फोन केला. पलीकडे चोरच, गोड बोलला, म्हणे हो हो, मीच पाठवला. आपल्या फोनमध्ये आधीपासून असलेला, नाहीतर जुन्या डायरीतला नंबरच लावा.

व्हॉट्सॲपचा फोटो तर अजिबात धरू नका. सप्टेंबर २०२२ मध्ये पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्ये मालकाच्या नावाने व्हॉट्सॲपवर निरोप आले आणि १ कोटी १ लाख रुपये भलत्याच खात्यांत गेले. मेल असो का व्हॉट्सॲप, वर साहेबाचं नाव दिसलं की हात जोडले जातात.

सदाफुली (बुधवार, दुपारी ४.१८)

वऱ्हाडी_ठेचा यांचं शेवटचं वाक्य फार खरं आहे. मी पीएच.डी. करते. आमच्या विभागात दर जून-जुलैला नव्या मुलांना गाइडच्या नावाने मेल येतात, "आर यू ऑन कॅम्पस?" नव्यांनाच येतात, कारण विभागाच्या पानावर गाइडच्या नावाखाली विद्यार्थ्यांची यादी असते आणि त्यातलं नवं नाव कोणीही हेरू शकतं. नवा मुलगा बिचारा गाइडना उलट विचारेल कशाला?

माझ्या गाइड मॅडमनी पहिल्याच दिवशी आम्हाला समोर बसवून सांगितलं होतं: "मी तुमच्याकडे मेलवर कधीही पैसे मागणार नाही. माझ्या नावाने कोणी मागितले तर रात्री बारा वाजता मला फोन करायचा. मला राग येणार नाही. नाही केलात तर येईल." गेल्या वर्षी माझ्या ज्युनियरला मेल आला आणि त्याने खरंच रात्री पावणेअकराला मॅडमना फोन केला. मॅडमनी दुसऱ्या दिवशी सगळ्यांसमोर त्याचं कौतुक केलं.

मंजिरीताई, मला वाटतं परवानगी वरून यायला हवी. बाबांना कितीही शिकवा, सरांना विचारायचा संकोच बाबांच्या बाजूने जाणार नाही. सरांनीच म्हणायला हवं की मला विचारत जा.

मंजिरी_क (बुधवार, संध्याकाळी ५.०५)

सदाफुली, हे दोनदा वाचलं. सरांशी मीच बोलते.

टेक्सासमधली_काकू (बुधवार, संध्याकाळी ७.४०)

आमच्याकडे आत्ता सकाळ आहे, चहा घेत सगळा धागा वाचला. मंजिरी, अगदी हेच आमच्या महाराष्ट्र मंडळात झालं. गणपतीच्या दोन आठवडे आधी अध्यक्षांच्या नावाने कार्यकारिणीतल्या सात जणांना मेल, स्वयंसेवकांना भेट म्हणून गिफ्ट कार्डं हवीत म्हणून. दोघांनी घेतली. एकाने हजार डॉलरची. घरात बायकोला तीन आठवडे सांगितलं नाही.

यांना नावं कुठून मिळतात तर आपल्याच संकेतस्थळावरून. अध्यक्ष, सचिव, खजिनदार, प्रत्येकाचा फोटो आणि खाली खासगी मेल. आम्ही ते खासगी पत्ते काढून पदाचे पत्ते केले. नवीन कार्यकारिणी आली की तोच पत्ता पुढे जातो, त्यामुळे अध्यक्षांचा मेल दुसऱ्या कुठल्या पत्त्यावरून आला तर लगेच डोळ्यांत भरतो.

एफबीआयच्या तक्रार केंद्राने २०२३ साली मेलमधून साहेब किंवा व्यापारी असल्याचं भासवून झालेल्या फसवणुकीच्या २१ हजारांहून जास्त तक्रारी नोंदवल्या, नुकसान २.९ अब्ज डॉलर. तक्रार न केलेले आमच्या त्या गृहस्थांसारखे किती असतील!

पणजीची_सकाळ (बुधवार, रात्री ८.१५)

जरा वेगळं. आमच्याकडे लग्नाच्या दिवसांत ओळखीच्याच नंबरवरून पत्रिका येते, उघडायला गेलं तर ती एपीके फाइल. पत्रिका म्हणून ॲप बसतं, मेसेज वाचायला लागतं आणि ओटीपी तिकडे जातात. काकाच्या नंबरवरून आली म्हणून उघडली तर काकाचाही फोन आधीच गेलेला. पत्रिका ही फोटो किंवा पीडीएफच असते. ती बसवावी लागत नाही.

ओसरी (बुधवार, रात्री ९.००)

बँकेतून निवृत्त झालो, म्हणून पैशांच्या बाजूचं थोडं. रिझर्व्ह बँकेचं ६ जुलै २०१७ चं परिपत्रक लोक दाखवतात, तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं तर ग्राहकाची जबाबदारी शून्य. ते खरं आहे, पण खात्यातून तुमच्या परवानगीशिवाय पैसे गेले असतील तर. आपणच ओटीपी टाकून कार्ड घेतलं किंवा आपणच पैसे पाठवले, तर त्यात बसवणं अवघड जातं. म्हणून वेळ महत्त्वाची. पैसे एका खात्यातून दुसऱ्या, तिसऱ्या खात्यात पळतात. १९३० वर लवकर कळलं तर वाटेतल्या बँकेला ते अडवता येतात. दोन दिवस "बघू, येतील परत" यात गेले तर हाती काही राहत नाही.

दुसरं, मेल पुसू नका. रागाने किंवा लाजेने पुष्कळ लोक सगळी साखळी पुसून टाकतात. तोच पुरावा आहे. मेल जागेवर ठेवायचा, व्यवहाराचा यूटीआर क्रमांक (बँक प्रत्येक व्यवहाराला देते तो) लिहून ठेवायचा. सायबरक्राईम डॉट जीओव्ही डॉट इन वर घरबसल्या तक्रार करता येते.

घाटमाथा (बुधवार, रात्री १०.२०)

केळफूल यांच्या मामांसारखं ज्यांचं स्वतःचं खातं गेलं असेल त्यांच्यासाठी. पासवर्ड बदलला की संपलं असं समजू नका. सेटिंगमध्ये "फॉरवर्डिंग" आणि "फिल्टर" बघा. मी एका व्यापाऱ्याचं खातं साफ केलं, त्यात नावाऐवजी नुसतं एक टिंब असलेला फोल्डर होता. "पेमेंट" किंवा "फसवणूक" असे शब्द असलेला येणारा प्रत्येक मेल वाचलेला अशी खूण होऊन थेट त्यात पडत होता. ग्राहक महिनाभर ओरडून सांगत होते, यांना एकही मेल दिसला नाही. पासवर्ड दोनदा बदलून झाला होता, पण फिल्टर तसाच.

शिवाय खातं परत मिळवण्यासाठीचा फोन नंबर चोराने बदललाय का ते बघा, अनोळखी उपकरणं बाहेर काढा, टू-स्टेप (पासवर्डनंतर आणखी एक खात्री मागणारी सोय) चालू करा. आणि लाज न बाळगता सगळ्यांना कळवा की माझ्या नावाने आलेलं खरं मानू नका.

दुपारचाचहा (बुधवार, रात्री १०.४५)

आमच्या घरी एक प्रश्न ठरवलेला आहे. पैशांचं काही निघालं की विचारायचं, उत्तर फक्त आम्हा पाच जणांना ठाऊक. आजोळच्या घराशी संबंधित आहे, एवढंच सांगते.

शून्य_प्रहर (बुधवार, रात्री ११.०१)

चांगली पद्धत. आता आवाजाचीही नक्कल होते, त्यामुळे फोनवरही उपयोगी. फक्त ते उत्तर मेलवर किंवा व्हॉट्सॲपवर कधी लिहिलेलं नसावं. आणि आजोळचे फोटो फेसबुकवर टाकताना जरा बघा.

मंजिरी_क (रविवार, संध्याकाळी ६.३०)

सगळ्यांचे मनापासून आभार. चार दिवसांत बरंच घडलं.

मी सरांना फोन केला. ऐकून ते काही बोललेच नाहीत. दहा मिनिटांनी काठी घेऊन स्वतः आमच्या घरी आले. आई सांगत होती, दारातूनच म्हणाले, "अरे, मला विचारायचं नाहीस?" बाबा रडले म्हणे. मी बाबांना रडताना कधी पाहिलेलं नाही.

मग कळलं की तोच मेल सहचिटणीसांना आणि आणखी एका सभासद बाईंनाही आला होता. बाईंनी पाच हजारांचं कार्ड घेऊन पाठवलंही होतं, बाबांच्या आधी दोन दिवस. त्या बोलल्या असत्या तर बाबा वाचले असते. पण त्याही ह्याच संकोचात होत्या, सरांना कसं विचारायचं. त्यांच्यावर कुणी रागावलं नाही. त्यांचीही तक्रार आता नोंदवली आहे.

काल कार्यकारिणीची सभा झाली. सदाफुली, तुझ्या मॅडमचं वाक्य मी सरांना वाचून दाखवलं होतं. सरांनी सभेत ठराव मांडला, बाबांनी तो इतिवृत्तात स्वतःच्या अक्षरात लिहिला: वाचनालयाचा कोणताही पदाधिकारी मेल, मेसेज किंवा फोनवरून पैसे वा कार्ड मागणार नाही, तशी मागणी आल्यास समक्ष भेटून किंवा माहितीच्या नंबरवर विचारणे हे प्रत्येक सभासदाचे कर्तव्य राहील. "कर्तव्य" हा शब्द सरांचा. आधी "मुभा" होता, तो त्यांनी खोडायला लावला. संकेतस्थळावरचे खासगी पत्तेही काढले.

पैशांचं म्हणाल तर एक कार्ड वापरलं गेलं, दुसरं कंपनीने गोठवलं आहे. परत मिळणार का, ते अजून सांगितलेलं नाही. सर म्हणतात, माझ्या नावावर गेले, मी भरतो. बाबा घेत नाहीत. डायरीतल्या नोंदीवरून दोघांचं अर्धा तास चाललं होतं.

बाबा उद्यापासून वाचनालयात जाणार आहेत.

बाणकोटकर (रविवार, संध्याकाळी ६.५२)

ताई, "कर्तव्य" वाचून बरं वाटलं. त्या ठरावाची प्रत मिळेल का? आमच्या ग्रामस्थ मंडळाची सभा पुढच्या रविवारी आहे.

ओसरी (रविवार, संध्याकाळी ७.०८)

मलाही द्या. सोसायटीच्या सूचनाफलकावर लावतो.

मंजिरी_क (रविवार, रात्री ८.००)

दोघांनाही व्यनि (खासगी निरोप) केला आहे. फोटो बाबांनीच काढून दिला, डाव्या कोपऱ्यात त्यांचा अंगठा आलाय, तेवढं कापून घ्या.